संपादकीय पानावरचं मत कोर्टापर्यंत कसं पोचतं?

संध्याकाळी टीव्ही लावला की आठ चौकटींतून आठ जण एकमेकांवर ओरडत असतात. ते पाहून 'मत' या प्रकाराचाच वीट आलेली माणसं आता बरीच आहेत. बातमी द्या, तुमचं मत तुमच्याजवळ ठेवा, असं ती म्हणतात. संपादकीय पान तर कित्येक जण न वाचताच उलटतात. तिथे कोणी तरी जाणकार गृहस्थ कशावर तरी चिंता व्यक्त करत असणार, अशी आपली खात्रीच असते.

पण जानेवारी १९७९ मध्ये एका इंग्रजी दैनिकात लागोपाठ दोन दिवस दोन लेख आले. महिन्याभरात त्यांच्या आधारावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. मार्च संपायच्या आत न्यायालयाने स्पष्ट केलं की खटला वाजवी वेळेत चालणं हा माणसाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. लेखकाने कुठलीही गुप्त कागदपत्रं मिळवली नव्हती, कोणाला छुप्या कॅमेऱ्यात पकडलं नव्हतं. मग त्या दोन लेखांनी नेमकं केलं काय?

आधी बातमी आणि मतलेख यांतला फरक

काय घडलं ते बातमी सांगते. घडलं ते योग्य की अयोग्य, ते का घडलं आणि आता कोणी काय करायला हवं, हे मतलेख सांगतो. अग्रलेख ही पत्राची स्वतःची भूमिका असते, स्तंभ एका लेखकाचा असतो आणि अनावृत पत्र पदावरच्या माणसाला उद्देशून पण सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहिलेलं असतं. या लेखात मी तिन्हींना मतलेखच म्हणणार आहे.

शोधपत्रकारिता ही वेगळी गोष्ट. ती लपवलेलं बाहेर काढते. मतलेखाकडे बहुतेक वेळा नवी माहिती नसतेच, आणि त्यावरचा सगळ्यात जुना आक्षेपही हाच आहे: यात नवीन काय? माझ्या मते त्याचं खरं काम इथूनच सुरू होतं.

दोन लेख आणि बिहारचे तुरुंग

के. एफ. रुस्तमजी निवृत्त पोलीस अधिकारी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले प्रमुख. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य असताना त्यांनी बिहारमधले तुरुंग पाहिले आणि जे दिसलं त्यावर 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिलं. ते लेख ८ आणि ९ जानेवारी १९७९ ला छापून आले. विषय होता कच्च्या कैद्यांचा. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही, म्हणजेच कायद्याच्या नजरेत जो अजून निर्दोष आहे, असा कैदी.

या माणसांवरचे आरोप बऱ्याचदा किरकोळ होते. गुन्हा सिद्ध झाला असता तरी काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षांची शिक्षा झाली असती. प्रत्यक्षात ती तीन ते दहा वर्षं आत होती, आणि खटला सुरूसुद्धा झालेला नव्हता. काही स्त्रिया तर कुठल्याच गुन्ह्याच्या आरोपी नव्हत्या. त्या स्वतः गुन्ह्याला बळी पडलेल्या, किंवा साक्षीसाठी लागणार म्हणून 'संरक्षणासाठी' तुरुंगात ठेवलेल्या. (सरकारी भाषेत संरक्षण या शब्दाखाली काय काय मावतं, पाहा.)

हे लेख पुष्पा कपिला हिंगोरानी या वकिलांच्या वाचनात आले. कैद्यांनी त्यांना नेमलेलं नव्हतं, त्यांचं कैद्यांशी नातं नव्हतं. तरी लेखांतला मजकूर आधाराला घेऊन त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. हाच हुसैनारा खातून खटला. स्वतःवर अन्याय झालेला नसताना दुसऱ्यांच्या वतीने करायच्या अशा याचिकेला आपण आज जनहित याचिका म्हणतो. भारतात तिची जी सुरुवात झाली, त्यात या खटल्याचं नाव अगदी वर येतं.

पुढचा प्रसंग मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात बोलका वाटतो. न्यायालयाने बिहार सरकारला नोटीस काढली. ५ फेब्रुवारी १९७९ ला सुनावणी होती. सरकारच्या वतीने कोणीही आलं नाही. तेव्हा न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १२ फेब्रुवारीच्या आदेशात नोंदवलं की सरकार हजर नाही, त्यामुळे तूर्त ८ आणि ९ जानेवारीच्या वर्तमानपत्रातला मजकूर बरोबर आहे असं धरूनच आपल्याला पुढे जावं लागेल. म्हणजे संपादकीय पानावर बसून लिहिलेला मजकूर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, सरकार गैरहजर राहिल्यामुळे, वस्तुस्थिती म्हणून उभा राहिला.

सगळ्यांना ठाऊक होतं, मग अडलं कुठे?

बिहारच्या तुरुंगांत माणसं खितपत पडली आहेत हे गुपित नव्हतं. जेलरला ठाऊक होतं, मॅजिस्ट्रेटना ठाऊक होतं, रोज गाडीतून कैदी नेणाऱ्या शिपायाला ठाऊक होतं. घरातल्या भिंतीवर ओल यावी आणि रोज पाहून पाहून ती दिसेनाशी व्हावी, तसं ते झालं होतं. बाहेरचा कोणी येतो आणि विचारतो, "अहो, हा नळ कुठे गळतोय?" तेव्हा घरच्यांना ओलही दिसते आणि ती कुठून तरी येत असणार हेही सुचतं.

चांगला मतलेख नेमकं हेच करतो. 'हे असंच चालतं' या खात्यात टाकलेली गोष्ट तो 'हे कोणी तरी करतंय किंवा करायचं टाळतंय' या खात्यात हलवतो. त्यासाठी आधी तो एक माणूस दाखवतो, कारण हजारो कैदी हा नुसता आकडा असतो. मग हा माणूस एकटा नाही हे आकड्यानेच सिद्ध करतो. आणि शेवटी नियमावर बोट ठेवतो: अमुक तरतूद, तिचा अमुक अर्थ लावला जातो, तो बदलायचा अधिकार अमक्याच्या हाती आहे. हे शेवटचं नसेल तर लेख वाचून वाचक हळहळतो आणि पान उलटतो. रुस्तमजींच्या लेखांवरून एका वकिलाला याचिका लिहिता आली, यातच त्यांची ताकद कळते. नुसत्या हळहळीवरून याचिका लिहिता येत नाही.

निकालच चुकला असं वाटलं, तर?

अन्याय प्रशासनाने केला तर कोर्टात जाता येतं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच अन्याय आहे असं वाटलं, तर त्याच्या वर कोणतं कोर्ट? कायद्याच्या हिशेबाने जवळजवळ कोणतंच नाही. इथे मतलेखाचं काम आणखी अवघड होतं.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण. सत्र न्यायालयाने आरोपी सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, तेव्हा जबरदस्ती झाली असं म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

निकाल लागून वर्ष उलटून गेलं होतं. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. त्यात आरडाओरडा नव्हता. त्यांनी निकालपत्रातला एकच सांधा उचकटून दाखवला. संमती देणारा माणूस मान तुकवतो हे खरं, पण मान तुकवणाऱ्या प्रत्येकाने संमती दिली असं होत नाही. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात, वर्दीतल्या माणसापुढे, एक गरीब मुलगी ओरडली नाही, एवढ्यावरून तिची इच्छा होती असं ठरवायचं का?

निकाल बदलला नाही. पत्राच्या बाजूने हे अपयशच मांडायला हवं. पण त्यावरून देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. ताब्यातल्या स्त्रीवर लैंगिक अत्याचार झाला, संबंध सिद्ध झाला आणि तिने साक्षीत संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच गृहीत धरायचं. सिद्ध करायचं ओझं आता दुसऱ्या बाजूला गेलं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरवणारी तरतूदही त्याच दुरुस्तीतली. हा खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी इथे ते लिहिलेलं नाही, त्याचं कारण हेच.

"कोर्टावर टीका केली तर अवमान होत नाही का?"

होऊ शकतो, पण लोक समजतात तसा सरसकट होत नाही. न्यायालयाचा अवमान म्हणजे न्यायदानात अडथळा आणणं किंवा न्यायसंस्थेची लोकांतली प्रतिष्ठा धुळीला मिळवणं. १९७१ च्या कायद्याचं कलम ५ स्वच्छ सांगतं की निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवरची रास्त टीका अवमान ठरत नाही. २००६ च्या दुरुस्तीनंतर, विधान खरं असेल, जनहिताचं असेल आणि प्रामाणिक हेतूने केलेलं असेल, तर न्यायालय सत्याचा बचावही मान्य करू शकतं. अब्रुनुकसानीच्या फौजदारी कायद्यातही निकाली खटल्यावर सद्भावनेने व्यक्त केलेल्या मताला अपवाद आहे.

निकाल चुकला, आणि तो असा असा चुकला, हे म्हणता येतं. न्यायाधीश विकला गेला, असं पुराव्याशिवाय म्हणता येत नाही. आणि खटला चालू असताना आरोपी दोषीच आहे असं ठरवून टाकणारा लेख हा मतलेख नसतो, ते समांतर कोर्ट असतं.

"मत म्हणजे पुरावा नव्हे, मग त्याला इतकी किंमत का?"

हा आक्षेप सगळ्यात भक्कम आहे आणि त्याचं उत्तर मराठी पत्रकारितेच्या अगदी सुरुवातीलाच मिळतं. 'केसरी' जानेवारी १८८१ मध्ये निघाला. काही महिन्यांतच टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय हा विषय हाती घेतला. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारा मजकूर आणि पत्रं 'केसरी' व 'मराठा'त आली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

डिसेंबर १८८३ मध्ये ते छत्रपती अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वारले. छत्रपतींच्या हालांबद्दलची काळजी उगाच नव्हती, हे यातून दिसलं. पण म्हणून बनावट पत्रं खरी ठरली नाहीत. उलट, खोट्या कागदाने खऱ्या तक्रारीचंच नुकसान केलं: वर्षभर चर्चा छत्रपतींच्या हालांऐवजी पत्रांच्या खरेखोटेपणावर अडकून पडली. आज समाजमाध्यमांवर एखादा जुना व्हिडिओ नव्या अत्याचाराचा म्हणून फिरवला जातो तेव्हाही हेच होतं. व्हिडिओ जुना निघतो, आणि अत्याचार करणारे निर्धास्त होतात.

त्यामुळे मतलेखात मत मोकळं असलं तरी त्याखालची वस्तुस्थिती मोकळी सोडता येत नाही. रुस्तमजींनी जे पाहिलं तेच लिहिलं. चार अध्यापकांनी समोरच्याच निकालपत्रातला मजकूर घेतला. दोन्हीकडे खोडायला कागद हाती लागत नव्हता.

"अन्याय करणारेही लेख लिहितातच की!"

लिहितात, आणि बऱ्याचदा जास्त चांगले लिहितात. १८८० च्या दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. त्याने दावा लावला. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर पत्रं आली, ती रखमाबाईंचीच. ज्यांच्यावर अन्याय होतोय त्यांनीच मत लिहिण्याचं आपल्याकडचं हे फार लवकरचं उदाहरण. १८८७ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाते, असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैशांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या.

या वादात टिळकांनी विरोधी बाजू जोरकसपणे लढवली. तीन-चार वर्षांनी मुलींचं संमतिवय (शरीरसंबंधाला संमती देता येण्याचं किमान वय) दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यावर पुन्हा 'केसरी' एकीकडे आणि आगरकरांचा 'सुधारक' दुसरीकडे. भाषेची ताकद दोघांकडेही होती. तेव्हा लेखणी धारदार असणं ही न्यायाची हमी नव्हे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

मग ओळखायचं कसं? फ्रान्समधल्या द्रेफ्यूस प्रकरणातला एक निकष मला उपयोगी वाटतो. ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेद द्रेफ्यूस यांना १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. त्या वेळी एदुआर द्र्युमाँच्या वर्तमानपत्राने अख्ख्या ज्यू समाजाविरुद्ध रान पेटवलं होतं. १३ जानेवारी १८९८ ला एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांना अनावृत पत्र लिहिलं. त्यात कोणत्या अधिकाऱ्याने काय केलं हे नावानिशी होतं. शेवटी त्यांनी अब्रुनुकसानीच्या कायद्याची कलमंच उद्धृत केली: या कलमांखाली मी अडकू शकतो हे मला ठाऊक आहे, चालवा खटला. खटला चालला, शिक्षा झाली, त्यांना इंग्लंडला पळावं लागलं. द्रेफ्यूस यांचं निर्दोषत्व पूर्णपणे मान्य व्हायला १९०६ उजाडलं.

दोन्ही मतपत्रकारिताच. पण एकीने सत्ता हाती असलेल्या माणसांवर विशिष्ट कृत्यांचा आरोप ठेवला आणि स्वतःची मान पुढे केली. दुसरीने एका समाजाला जन्मावरून आरोपी केलं, आणि त्याची किंमत त्या समाजालाच मोजावी लागली. आजचा कुठलाही लेख या मापाने मोजून पाहा.

कोणाचा अन्याय छापून येतो?

रुस्तमजी बड्या पदावरून निवृत्त झालेले होते. अनावृत पत्र लिहिणारे विद्यापीठातले. त्यांना जागा मिळाली. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याचं काय?

३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. पहिल्याच अंकात त्यांनी म्हटलं की मुंबई इलाख्यातली बरीचशी वर्तमानपत्रं विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात. शाहू महाराजांनी या पत्राला २,५०० रुपयांची मदत केली होती. त्याच्या किती तरी आधी, १८७७ पासून, सत्यशोधकांचं 'दीनबंधू' शेतकऱ्यांची आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाताखाली गिरणी कामगारांची बाजू मांडत होतं. बाहेरून कोणी ओल दाखवायची वाट न पाहता, ज्यांच्या डोक्यावर पाणी गळत होतं त्यांनीच लिहायला घेतलं. आपल्या पत्रकारितेच्या इतिहासात अग्रलेखांची परंपरा सांगताना हा धागा अजूनही तोंडी लावण्यापुरताच येतो, याचं मला नवल वाटतं.

"इतकं लिहून झालं, मग तुरुंग अजून भरलेले का?"

१९७९ च्या खटल्यानंतर हजारो कच्चे कैदी सुटले. पैसे भरू न शकणाऱ्या गरिबांना जातमुचलक्यावर सोडायचा विचार करावा, हेही त्याच खटल्यात न्यायालयाने सांगितलं. पण कायद्याच्या पुस्तकात ठोस कलम यायला २००५ ची दुरुस्ती उजाडली: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६-अ. म्हणजे लेखापासून कलमापर्यंत सव्वीस वर्षं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७९ म्हणून आलं, आणि पहिल्यांदाच आरोपी झालेल्यासाठी मर्यादा एक तृतीयांशावर आली. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यातून वगळलेले आहेत, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही.

तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत भारतातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चेच आहेत. आणि रखमाबाईंना ज्या दाव्यात अडकवलं गेलं तो नांदायला परत आणण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून बसून आहे. एक लेख एक दार किलकिलं करतो. ते पुन्हा बंद होऊ नये म्हणून तोच विषय पुन्हा लिहावा लागतो, आणि संपादकांना तेच नको असतं, कारण 'हे आधी येऊन गेलंय'.

कलम ४७९ मध्ये एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट आहे. कैद्याची मुदत भरली की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाला लेखी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही लागू केली. म्हणजे आता कुठल्याही जिल्ह्यातल्या तुरुंगाबद्दल एक साधा प्रश्न विचारता येतो: मुदत भरलेले कैदी किती, आणि अधीक्षकांनी अर्ज किती केले? माहिती अधिकारात हे दोन आकडे मागता येतात. त्यांतली तफावत हा पुढच्या लेखाचा विषय, आणि तो लिहायला रुस्तमजींसारखं मोठं पद लागत नाही.